अमेरिकेत डीओटी ड्रग टेस्टचे नमुने घ्यायचे असतील तर: प्रशिक्षण, पाच मॉक आणि चुकांशिवायचा क्रम

ऑनलाइन व्हिडिओ पाहिला, शेवटची प्रश्नपत्रिका सोडवली, प्रमाणपत्राची पीडीएफ आली आणि दुसऱ्याच दिवशी क्लिनिकमध्ये अर्ज टाकला. अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून, विशेषतः भारतात डीएमएलटी किंवा नर्सिंग करून इथे आलेल्यांकडून, हे वारंवार ऐकू येते. पण एवढ्यावर त्या व्यक्तीला डीओटी ड्रग टेस्टचा एकही नमुना घेता येत नाही. तिने घेतला, तर तो नियमभंग ठरतो, आणि ट्रक ड्रायव्हर, बस ड्रायव्हर किंवा विमानाचा मेकॅनिक ज्या कागदावर नोकरी टिकवून असतो, त्या कागदात चुका राहण्याचा धोका वाढतो.

डीओटी म्हणजे अमेरिकेचे परिवहन खाते. त्याची ड्रग टेस्ट कशी घ्यायची याचे नियम ‘४९ सीएफआर पार्ट ४०’ मध्ये आहेत (सीएफआर म्हणजे संघराज्य सरकारच्या नियमांची संहिता). लघवीचा नमुना घेणाऱ्या कलेक्टरचे प्रशिक्षण कलम ४०.३३ मध्ये आणि प्रत्यक्ष नमुना घेण्याचा क्रम ४०.६१ ते ४०.७१ व ४०.७९ मध्ये. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. एकही टप्पा पुढेमागे करू नका.

## १. पैसे भरण्याआधी: तुम्हाला नेमके कोणते काम करायचे आहे?

खासगी कंपन्या स्वतःच्या धोरणानुसार ज्या चाचण्या घेतात त्या वेगळ्या आणि डीओटीच्या वेगळ्या. रस्ते, रेल्वे, विमान, सार्वजनिक वाहतूक आणि पाइपलाइन या क्षेत्रांत सुरक्षेशी थेट संबंध असलेली कामे करणाऱ्यांना डीओटीची चाचणी लागते. कोस्ट गार्ड वेगळ्या खात्यात असले तरी ड्रग टेस्टसाठी पार्ट ४० च पाळते. या चाचणीला संघराज्य सरकारचा ठरावीक फॉर्म लागतो, ज्याला सगळे सीसीएफ म्हणतात. खासगी चाचणीला तो फॉर्म वापरायचा नाही आणि डीओटी चाचणीला खासगी फॉर्म वापरायचा नाही.

जागच्या जागी रेषा दाखवणाऱ्या कपची चाचणी डीओटीत चालत नाही. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच जातो. म्हणून ‘इन्स्टंट कप कसा वाचायचा’ हे शिकवणारा कोर्स, कितीही चांगला असला, तरी पार्ट ४० चे प्रशिक्षण नव्हे.

श्वासाच्या अल्कोहोल चाचणीसाठीही वेगळे प्रशिक्षण आहे. त्या तंत्रज्ञाला सलग सात बिनचूक मॉक, म्हणजे चाचणीच्या रंगीत तालमी, द्याव्या लागतात. लघवीच्या प्रमाणपत्रावर ते काम करता येत नाही.

लाळेच्या नमुन्याला डीओटीने २०२३ च्या नियमात परवानगी दिली, पण त्यासाठी किमान दोन प्रयोगशाळांना मान्यता असणे ही अट आहे. शिवाय त्याचे प्रशिक्षण वेगळे आणि ज्या उपकरणावर नमुना घ्यायचा त्या उपकरणापुरते असते. त्या कोर्सला पैसे भरण्यापूर्वी प्रयोगशाळांची सद्यस्थिती बघा.

तपासा: वैद्यकीय परवाना किंवा नर्सिंगची पदवी पार्ट ४० मागत नाही. अमेरिकेत काम करण्याची परवानगी मात्र तुमच्या हातात असायला हवी. एच-४ वर, म्हणजे जोडीदारामुळे मिळालेल्या व्हिसावर असाल, तर ईएडी म्हणजे काम करण्याचे परवानापत्र आहे की नाही हे आधी बघा, कोर्स नंतर.

## २. वाचन: कोर्सच्या आधी, कोर्सऐवजी नव्हे

तीन गोष्टी माहीत असणे नियमानेच बंधनकारक आहे: पार्ट ४०, डीओटीची लघवी-नमुना संकलनाची चालू मार्गदर्शिका, आणि तुम्ही ज्यांचे नमुने घेणार त्या क्षेत्राचे नियम. तिन्ही सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. डीओटीच्या ड्रग-अल्कोहोल धोरण कार्यालयाची ईमेल यादी आहे, तिच्यात नाव नोंदवा. नियम बदलला की तो कळला पाहिजे, ही जबाबदारी तुमची आहे. क्लिनिकच्या मॅनेजरने सांगितले नाही, ही सबब चालत नाही.

वाचताना आधी ४०.६१ ते ४०.७१ आणि ४०.७९ दोनदा वाचा. मग ४०.१९१ (नकार), १९३ (पुरेशी लघवी न होणे), आणि १९९ ते २०९ (चुका व दुरुस्ती). बाकी भाग मुख्यतः डॉक्टर, प्रयोगशाळा आणि मालकांसाठी आहे. तो चाळला तरी पुरे.

## ३. पात्रता प्रशिक्षण: कोर्स कसा पारखायचा

नियम चार विषय मागतो. नमुना घेण्याची प्रत्येक पायरी व सीसीएफ अचूक भरून पाठवणे. अडचणीची प्रकरणे, म्हणजे लघवी पुरेशी न होणे किंवा नमुन्यात फेरफार करण्याचा प्रयत्न. चाचणी रद्द करणाऱ्या चुका, दुरुस्त होणाऱ्या चुका आणि त्यांची दुरुस्ती. आणि कलेक्टरची जबाबदारी. या शेवटच्या विषयात समोरच्याची खासगी बाब जपणे, नमुना सुरक्षित ठेवणे आणि अपमानकारक वाटेल असे काही न बोलणे येते. हा भाग कोर्समध्ये झटपट उरकतात. पण चाचणीला आलेला माणूस जॅकेट काढून, खिसे रिकामे करून तुमच्यासमोर उभा असतो. तुमचा आवाज, तुमची नजर त्याला लक्षात राहते. म्हणून या भागाला वेळ द्या.

हे चार विषय व्हिडिओतून, पुस्तकातून, वर्गात, कुठूनही शिकता येतात. व्हिडिओवर आक्षेप नाही. आक्षेप व्हिडिओवरच थांबण्याला आहे.

सावध: ‘डीओटी सर्टिफाइड’ किंवा ‘सरकारमान्य कलेक्टर परवाना’ असे कोणी विकत असेल तर दुसरीकडे जा. डीओटी कोणाही कलेक्टरला परवाना देत नाही, प्रमाणपत्रही देत नाही. प्रशिक्षण देणारी संस्था जो कागद देते तो तुम्ही नियमातील अटी पूर्ण केल्याचा पुरावा, इतकेच. त्या अटींमधली सर्वात महत्त्वाची पुढच्या टप्प्यात आहे.

## ४. सलग पाच बिनचूक मॉक

इथे सर्वाधिक लोक घसरतात.

व्हिडिओ संपल्यावर तुम्हाला पाच मॉक कलेक्शन, म्हणजे नमुना घेण्याच्या पाच रंगीत तालमी द्याव्या लागतात. त्या कोणत्या, हे नियमाने ठरवून दिले आहे:

- दोन सरळ, कोणतीही अडचण नसलेल्या;
- एक, जिच्यात लघवीचे प्रमाण कमी पडते;
- एक, जिच्यात तापमान ठरलेल्या पट्ट्याबाहेर आहे;
- एक, जिच्यात कर्मचारी (म्हणजे ज्याची चाचणी आहे तो) फॉर्मवर सही करायला आणि बाटलीच्या सीलवर आद्याक्षरे लिहायला नकार देतो.

पाचही सलग आणि बिनचूक हव्यात. चौथ्या तालमीत तारीख राहिली तर ती दुरुस्त करून पाचवीकडे जाता येत नाही, पुन्हा पहिलीपासून सुरुवात. तीन आज बरोबर, एक चुकली, उद्या दोन बरोबर, अशी बेरीज होत नाही.

त्या बघणारा माणूस कोण, यालाही नियम आहे. तो स्वतः पात्र कलेक्टर हवा. शिवाय किमान एक वर्ष नियमितपणे डीओटीचे नमुने घेतलेला, किंवा एक वर्ष पार्ट ४० चे प्रशिक्षण दिलेला, किंवा प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला, यांपैकी एक काहीतरी हवा. तो समोर बसून बघू शकतो किंवा दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशा थेट व्हिडिओ कॉलवर. तुम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलेला व्हिडिओ चालत नाही, कारण त्यात ‘त्याच क्षणी बघणे आणि बोलणे’ नाही. शेवटी त्या व्यक्तीने पाचही मॉक बिनचूक झाल्याचे लेखी द्यायला हवे.

तयारी घरी करता येते. पाण्यात खायचा पिवळा रंग, दोन बाटल्या, मोजमापाच्या खुणा असलेला डबा, घड्याळ. फॉर्म सरावाचा असेल तर त्यावर ‘सराव’ असे ठळक लिहा, म्हणजे तो खऱ्या फॉर्ममध्ये मिसळणार नाही. नवऱ्याला, बायकोला, मैत्रिणीला कर्मचारी बनवा आणि त्यांना सांगा, की मुद्दाम अडचण आणा. सही करायला नाही म्हणा, डबा अर्धवट भरा. प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत करा. गप्प राहून सराव केलेले लोक परीक्षकासमोर सूचना द्यायला विसरतात आणि राहिलेली सूचना ही चूकच धरली जाते.

मॉकमध्ये पडणाऱ्या ठरावीक चुका सांगते:

- कर्मचाऱ्याने सही नाकारली की मॉक थांबवणे. थांबायचे नसते. फॉर्मवरच्या रिमार्क्समध्ये, म्हणजे शेऱ्याच्या ओळीत, नोंद करायची, त्याचे नाव छापील अक्षरांत स्वतः लिहायचे आणि पुढचे सगळे पूर्ण करायचे. ही सही नाकारणे म्हणजे चाचणीला नकार नव्हे.
- लघवी कमी आहे म्हणून ती लगेच ओतून देणे. आधी तापमान बघायचे. तापमान बाहेर असेल किंवा फेरफाराची खूण असेल तर तो कमी नमुनासुद्धा टाकायचा नसतो.
- सील फॉर्मवर असतानाच त्यावर आद्याक्षरे घेणे.
- तारीख भारतीय पद्धतीने लिहिणे. ७ मार्च आपल्या हातून ०७/०३ असे उतरते आणि अमेरिकेत त्याचा अर्थ ३ जुलै होतो. महिना आधी, ही सवय हाताला लावून घ्या.
- सीलवर लांबलचक सही मागणे. तिथे आद्याक्षरे हवीत, फॉर्मवर सही.

तपासा: मॉक झाल्यावर लेखी कागदावर पाचही प्रसंगांची नावे, तारीख, परीक्षकाचे नाव व सही आणि त्याची पात्रता कशाने आहे हे असावे. नुसते ‘प्रशिक्षण पूर्ण’ लिहिलेला कागद परत करा आणि नीट करून मागा.

हे पूर्ण झाल्यावरच पहिला खरा नमुना. ‘आठवडाभर काम कर, मॉक नंतर बघू’ असे क्लिनिकने म्हटले तरी नको.

## ५. खोली तयार करणे

कर्मचारी येण्याआधी, प्रत्येक वेळी. सकाळी एकदा केले म्हणून दिवसभर पुरत नाही.

नमुना घेण्याच्या स्वच्छतागृहातले पाण्याचे सगळे स्रोत बंद करा किंवा कर्मचाऱ्याला वापरता येणार नाहीत असे करा. टॉयलेटच्या पाण्यात निळा रंग टाका, टाकीचे झाकण टेपने चिकटवा. साबण, फिनाईल, एअर फ्रेशनर, कोणतेही द्रव बाहेर काढा. छताच्या टाइल्स, कचऱ्याची पेटी, टिश्यूचा डबा, सिंकखालची जागा हाताने तपासा. आत येण्याचा दुसरा दरवाजा असेल तर तो बंद करा.

कामाच्या ठिकाणी गाडी घेऊन जाणाऱ्या कलेक्टरने टेप आणि निळा रंग स्वतःच्या पेटीत ठेवावा. कारखान्याच्या स्वच्छतागृहात तो मिळत नाही.

फॉर्म भरायला लागणारी माहितीही आधीच मिळवा: कर्मचाऱ्याचे नाव व ओळख क्रमांक, कंपनीचे नाव-पत्ता, डीईआरचे नाव व फोन, निकाल तपासणाऱ्या डॉक्टरचे म्हणजे एमआरओचे नाव, डीओटीचा कोणता विभाग, चाचणीचे कारण, आणि चाचणी थेट निरीक्षणाखाली, म्हणजे लघवी करताना कोणी समोर बघत असताना, घ्यायची आहे का. डीईआर म्हणजे कंपनीने ड्रग टेस्टसाठी नेमलेली व्यक्ती. तिचा फोन नंबर नसताना नमुना घ्यायला बसू नका. अडचण आली तर पहिला फोन तिलाच करायचा असतो.

सावध: कामावर परतण्याआधीची चाचणी आणि त्यानंतरच्या पाठपुराव्याच्या चाचण्या नेहमी थेट निरीक्षणाखालीच होतात. फॉर्मवर हे कारण दिसले आणि निरीक्षणाची खूण नसेल, तर डीईआरला विचारा.

सावध: नातेवाईक, पूर्वीचा जोडीदार किंवा जवळचा मित्र यांचा नमुना तुम्ही घ्यायचा नाही. लहान गावात, मंडळाच्या गणपतीत रोज भेटणारा ड्रायव्हर समोर आला तर दुसरा कलेक्टर बोलवा. कर्मचाऱ्याचा थेट वरिष्ठही सहसा कलेक्टर होऊ शकत नाही.

## ६. नमुना: क्रमाने, एकही पायरी न गाळता

एका वेळी एकच कर्मचारी. याला अपवाद एकच: एकजण पुरेशी लघवी होत नाही म्हणून पाणी पीत थांबला असेल, तर त्याच्यावर सतत लक्ष असेल अशा पद्धतीने दुसऱ्याचा नमुना घेता येतो.

अ. ओळख. सरकारने किंवा कंपनीने दिलेले फोटो ओळखपत्र. फोटोकॉपी नाही. सहकाऱ्याने ‘हा तोच’ म्हणणे चालत नाही, पण कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी ओळख पटवू शकतो. काहीच नसेल तर डीईआरला फोन. कर्मचाऱ्याने विचारले तर तुमचे आणि तुमच्या संस्थेचे नाव दाखवा.

आ. सूचना. प्रक्रिया थोडक्यात सांगा, फॉर्मच्या मागच्या सूचना दाखवा. कोणत्याही संमतीपत्रावर सही घ्यायची नाही. क्लिनिकच्या नेहमीच्या कागदांच्या गठ्ठ्यात असले संमतीपत्र असते आणि रिसेप्शनवरच ते पुढे केले जाते, त्यामुळे तो गठ्ठा आधीच वेगळा करा. औषधांबद्दल विचारू नका. त्याला स्वतःला नोंद हवी असेल तर ती फक्त त्याच्या प्रतीच्या मागे. अल्कोहोल चाचणीही असेल तर शक्यतो ती आधी.

इ. जॅकेट, टोपी, बॅग. बाहेरचे कपडे काढायला सांगा, बॅग बाहेर. पाकीट जवळ ठेवू शकतो. खिसे रिकामे करून दाखवायला सांगा. नमुन्यात मिसळता येईल असे काही नसेल तर वस्तू परत खिशात. असे काही सापडले आणि ते फेरफारासाठीच आणल्यासारखे दिसले, तर थेट निरीक्षणाखाली चाचणी.

ई. फॉर्मची पायरी १ भरा. व्यावसायिक ड्रायव्हर असेल तर ओळख क्रमांकाच्या जागी सीडीएल लायसन्सचा नंबर आणि राज्य. सवयीने सोशल सिक्युरिटी नंबर लिहिला जातो आणि नंतर निकाल नोंदवताना अडचण येते.

उ. हात धुणे. तुमच्या नजरेसमोर हात धुवून कोरडे करायला सांगा. त्यानंतर नमुना देईपर्यंत पाण्याजवळ जाऊ द्यायचे नाही.

ऊ. डबा. सीलबंद डबा तुम्ही निवडा किंवा त्याला निवडू द्या, दोघांच्या समोर उघडा. बाटल्या मात्र अजून उघडायच्या नाहीत. किमान ४५ मिलिलिटर द्यायला, फ्लश न करायला आणि लगेच परत यायला सांगा. आत डबाच न्यायचा, बाटल्या नाहीत.

ए. परत आल्यावर चार मिनिटांत. प्रमाण बघा, तापमान वाचा. पट्टा ३२ ते ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे ९० ते १०० फॅरनहाइट. अमेरिकेतल्या पट्टीवर फॅरनहाइटचे आकडे असतात, म्हणून ९० आणि १०० पाठ करा. रंग, वास, तरंगणारी वस्तू बघा. तापमानाचा चौकोन लगेच भरा. ‘नंतर भरतो’ म्हणून राहिलेला चौकोन ही अगदी नेहमीची चूक आहे. त्याने चाचणी रद्द होत नाही, पण तुम्हाला लेखी खुलासा द्यावा लागतो.

ऐ. ओतणे. आता दोन बाटल्या उघडा. तुम्हीच ओतायचे, कर्मचाऱ्याने बघायचे. पहिल्या बाटलीत किमान ३० मिलिलिटर, दुसरीत किमान १५. झाकणे घट्ट. लघवी केल्यापासून सील होईपर्यंत नमुना दोघांच्या नजरेसमोर हवा. फोन वाजला म्हणून वळू नका. कर्मचाऱ्याला बाहेर बसवून आत ओतण्याची घाई क्लिनिकमध्ये होते. त्याच ठिकाणी नंतर ‘तो नमुना माझा नव्हताच’ असा वाद उभा राहतो आणि कलेक्टरकडे उत्तर नसते.

ओ. सील. फॉर्मवरचे सील झाकणावरून बाटलीच्या दोन्ही बाजूंना खाली उतरतील असे लावा. तुम्ही तारीख लिहा. मग, सील लागल्यानंतरच, कर्मचाऱ्याची आद्याक्षरे. सीलवरचा क्रमांक आणि फॉर्मचा क्रमांक एकच आहे का, बोट ठेवून वाचा. एका दिवसात बरेच नमुने घेणाऱ्याच्या टेबलावर दोन फॉर्म उघडे असतात आणि एकाचे सील दुसऱ्याच्या बाटलीवर जाते. क्रमांक जुळले नाहीत तर चाचणी रद्द, दुरुस्ती नाही.

औ. सह्या. कर्मचारी फॉर्मच्या प्रत २ वर निवेदन वाचून सही करतो, नाव, जन्मतारीख, फोन लिहितो. तुम्ही पायरी ४ मध्ये छापील नाव, सही, वेळ, तारीख आणि कुरिअरचे नाव भरा. प्रत १ प्रयोगशाळेत जाते आणि तिच्यावर कर्मचाऱ्याचे नाव नसते. म्हणून नाव चुकूनही बाटलीवर लिहू नका.

अं. पिशवी. दोन्ही बाटल्या एका कप्प्यात, प्रत १ दुसऱ्यात, दोन्ही बंद. प्रत ५ कर्मचाऱ्याला देऊन त्याला मोकळे करा.

अः. पाठवणी. नमुना, एमआरओची प्रत २ आणि कंपनीची प्रत ४, सगळे २४ तासांत किंवा पुढच्या कामाच्या दिवशी निघायला हवे. प्रत ३ तुमच्याकडे किमान ३० दिवस. प्रत २ अस्पष्ट गेली तर एमआरओ निकाल पुढे सरकवू शकत नाही, म्हणून खालच्या प्रतींवर अक्षर उमटलेय का बघूनच पाठवा.

पिशवी बंद करण्याआधीची तपासणी: बाटल्या दोन, सील दोन, क्रमांक जुळतात, तारीख महिना-आधी, आद्याक्षरे आहेत, तुमचे छापील नाव आणि सही आहे, तापमानाचा चौकोन भरला आहे. हा तक्ता छापून टेबलावर चिकटवा. पिशवी बंद झाली की पुन्हा उघडता येत नाही.

## ७. लघवी पुरेशी होत नाही

४५ मिलिलिटर झाले नाही तर (तापमान व बाकी सगळे ठीक असेल तर) नमुना टाका. दोन वेळच्या नमुन्यांची बेरीज कधीही करायची नाही.

पहिल्या अपुऱ्या प्रयत्नापासून तीन तासांचे घड्याळ सुरू होते. ते कधी सुरू झाले आणि कधी संपेल हे कर्मचाऱ्याला सांगा, रिमार्क्समध्ये वेळ लिहा. या वेळात एकूण ४० औंस, म्हणजे सुमारे १.२ लिटरपर्यंत पाणी, थोडे थोडे करून प्यायला सांगा. एकदम पाजू नका, ते धोक्याचे आहे. पाणी प्यायला नाही म्हणाला तर तो नकार धरायचा नाही. पण सांगूनही पुन्हा प्रयत्न करायला नाही म्हणाला किंवा वेळ संपण्याआधी निघून गेला, तर तो नकाराचा प्रसंग आहे.

तीन तास संपले आणि नमुना झाला नाही, तर थांबा, नोंद करा, डीईआरला लगेच कळवा. पुढे कंपनी त्याला पाच दिवसांत वैद्यकीय तपासणीला पाठवते. कारण वैद्यकीय आहे की नाही हे ठरवणे डॉक्टरचे काम. ‘घाबरलाय बिचारा’ किंवा ‘नाटक करतोय’, दोन्ही मनातच ठेवा.

## ८. तापमान बाहेर किंवा फेरफाराची खूण

पहिला नमुना टाकायचा नाही. लगेच दुसरा नमुना, थेट निरीक्षणाखाली. दोन्ही प्रयोगशाळेत जातात, प्रत्येकाला स्वतंत्र सीसीएफ आणि दोन्हींच्या रिमार्क्समध्ये एकमेकांचा उल्लेख. एका फॉर्मवर दोन नमुने गेले तर चाचणी रद्द होते.

निरीक्षक कर्मचाऱ्याच्याच लिंगाचा हवा. तो कलेक्टर नसला तरी चालतो, पण मग त्याला तुम्ही काय बघायचे ते तोंडी सांगायचे: कर्मचाऱ्याने शर्ट कमरेच्या वर, पँट व आतले कपडे खाली करून कोणतेही कृत्रिम उपकरण नाही हे दाखवायचे आणि लघवी शरीरातून डब्यात जाताना निरीक्षकाने पाहायची. हे सांगताना स्वर सपाट ठेवा. त्या माणसासाठी हा दिवसातला सर्वात लाजिरवाणा क्षण आहे, आणि तुमचा शब्द जितका कमी आणि नेमका, तितकी त्याची प्रतिष्ठा शाबूत राहते. त्याने निरीक्षणाला नाही म्हटले तर नोंद करून डीईआरला फोन.

## ९. नकार: लिहायचे काय, ठरवायचे काय

कर्मचारी निघून गेला, खिसे दाखवायला नाही म्हणाला, निरीक्षण नाकारले, कृत्रिम उपकरण सापडले: जे झाले ते रिमार्क्समध्ये वेळेसह लिहा, फॉर्मवर सही-तारीख करा, प्रक्रिया थांबवा, डीईआरला तत्काळ फोन करा. ‘हा नकार आहे’ असा निर्णय तुम्ही द्यायचा नाही, तो कंपनीचा. भरतीपूर्व चाचणीत डबा निवडण्याआधीच उमेदवार निघून गेला तर तो नकार धरत नाहीत, म्हणून कोणत्या पायरीवर गेला ते नक्की लिहा.

## १०. चूक झालीच तर

चाचणी रद्द करणाऱ्या चुका थोड्या आहेत, पण त्यांना दुरुस्ती नाही: फॉर्मशिवाय नमुना किंवा नमुन्याशिवाय फॉर्म, तुमचे छापील नाव आणि सही दोन्ही नसणे, एका फॉर्मवर दोन नमुने, क्रमांक न जुळणे, सील तुटलेले किंवा नमुना अपुरा आणि दुसरी बाटलीही वापरण्याजोगी नसणे.

नाव छापले पण सही राहिली, किंवा कर्मचाऱ्याची सही राहिली आणि रिमार्क्स कोरे, या चुका दुरुस्त होतात. त्यासाठी तुम्ही घडलेले लेखी निवेदन सही करून ज्या दिवशी कळले त्याच कामाच्या दिवशी पाठवायचे. दुरुस्ती झालीच नाही तर दुरुस्त होणारी चूकही चाचणी रद्द करते. जे आठवत नाही ते लिहू नका. ‘त्याने नक्की सही केली असेल’ असले वाक्य निवेदनात नको.

तुमच्या चुकीमुळे चाचणी रद्द झाली तर, कळल्यापासून ३० दिवसांत चूक-दुरुस्तीचे प्रशिक्षण: जो विषय चुकला तेवढाच, आणि सलग तीन बिनचूक मॉक. एक सरळ, दोन त्याच चुकीशी संबंधित. पुन्हा लेखी पुरावा. हे ३० दिवस क्लिनिकने मोजायचे नसतात, तुम्ही मोजायचे.

चूक नसली तरी पहिल्या पात्रतेपासून दर पाच वर्षांच्या आत पूर्ण प्रशिक्षण आणि पाचही मॉक पुन्हा द्यायचे. नुसता उजळणीचा व्हिडिओ पुरत नाही.

## ११. तुमची फाइल

प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, पाच मॉकचे लेखी पत्र, परीक्षकाच्या पात्रतेचा पुरावा, चूक-दुरुस्तीचे कागद, पुढच्या पाच वर्षांची तारीख. डीओटीचा अधिकारी किंवा कंपनी मागेल तेव्हा दाखवावे लागते. नोकरी सोडली की क्लिनिकच्या संगणकावरची फाइल तिथेच राहते, म्हणून स्वतःची प्रत घरी ठेवा. पुढच्या नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्राबरोबर मॉकचे पत्रही जोडा. ते पत्र न मागणाऱ्या ठिकाणी काम धरण्यापूर्वी, त्यांच्याकडचे बाकीचे कलेक्टर कोणाच्या देखरेखीखाली पात्र झाले हे जरूर विचारा.